गिअरची पेटी उतरवण्यापूर्वी

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या गडमुडशिंगीत क्लच नसलेल्या जुन्या मोटारी हळूहळू वाढू लागल्या आहेत. पुण्या-मुंबईस नोकरीस असलेला मुलगा नवी गाडी घेतो आणि पंधरा-वीस वर्षे वापरलेली आपली ॲटो गाडी, गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या वडिलांना डावा पाय हलवावा लागू नये या सद्हेतूने, गावी आणून लावतो. वडीलही तिच्यातून गांधीनगरच्या बाजारास, कोल्हापुरात दवाखान्यास, क्वचित जोतिबास जाऊन येतात, आणि एक-दोन वर्षे सर्व सुरळीत चालल्यावर एखाद्या सकाळी लिव्हर 'डी'वर टाकूनही गाडी क्षणभर जागची हलत नाही, किंवा हलते ती धक्का देऊन हलते, किंवा तावडे हॉटेलच्या चौकातून हमरस्त्यास लागताना इंजिन नुसते ओरडते आणि वेग मात्र वाढत नाही. मग गाडी एखाद्या गॅरेजला जाते आणि तेथे पाच मिनिटांत निकाल मिळतो : "काका, पेटी उतरायला लागतीया, दुसरा इलाज न्हाई."

हा निकाल प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे मला म्हणावयाचे नाही. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी ज्या शहराच्या यांत्रिक उद्योगाचा पाया घातला, आणि ज्याच्या उद्यमनगरात मोडलेला सुटा भाग दाखवताच तसाच दुसरा लेथवर उतरवून देणारे हात आजही आहेत, त्या कोल्हापूरच्या मिस्त्रीच्या हातगुणाविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु स्वयंचलित गिअरची पेटी ही जितकी लोखंडाची तितकीच तेलाची आणि विजेची वस्तू आहे. तिच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ पेटीच्या बाहेर, म्हणजे तेलाच्या पातळीत, गंजलेल्या वायरीत, सैल झालेल्या केबलमध्ये किंवा खुद्द इंजिनात असते, आणि एकदा पेटी खोलली की ते मूळ जागच्या जागी राहून खर्चाचा आकडा मात्र गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. म्हणून पेटी उतरवण्याचा निर्णय चौकशीच्या शेवटी घ्यावयाचा असतो. आणि त्या चौकशीचा बराचसा भाग, मालकाने मनावर घेतले तर, त्याला स्वतःला आपल्या अंगणात उभे राहून करता येतो.

प्रथम आपल्या गाडीत कोणत्या जातीची पेटी आहे याची खातरजमा करून घ्यावी, कारण 'ॲटो' या एका शब्दाखाली आपल्याकडे निदान तीन निरनिराळी यंत्रे वावरतात. झेन, एस्टीम, सँट्रो, ॲक्सेंट आणि पहिली होंडा सिटी यांच्या ज्या जुन्या स्वयंचलित आवृत्त्या आपल्याकडे विकल्या गेल्या, त्यांत टॉर्क कन्व्हर्टरची पेटी होती. त्यानंतरच्या सिटीच्या काही आवृत्त्यांत सीव्हीटी आली, जिच्यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्यांमध्ये एक पोलादी पट्टा वर-खाली सरकतो आणि वेगाचे प्रमाण अखंड बदलत राहते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून जी एएमटी सर्वसामान्यांच्या दारी पोहोचली, ती तर मुळात साधी क्लचची पेटीच असून तिचा क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्र करते. एएमटीचा झटका बहुधा क्लचप्लेट झिजल्याचा किंवा त्या यंत्राचा दाब उतरल्याचा असतो आणि त्याचा शोध साध्या गाडीच्याच वाटेने घ्यावा लागतो. सबब तिला येथेच बाजूस ठेवून मी पहिल्या, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीकडे वळतो.

हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ च्या सुमारास जहाजांच्या यंत्रांसाठी योजिलेली एक युक्ती या पेटीच्या तोंडाशी बसलेली आहे. गुऱ्हाळात काहिलीतील रस एका बाजूने जोराने ढवळू लागले तर दुसऱ्या बाजूस सोडलेली फळी कोणी हात न लावता फिरू लागेल, तद्वत इंजिनाला जोडलेले एक पाते तेल ढवळते आणि समोरचे पाते त्या तेलाच्या लोटाने फिरते. दोहोंच्या मधोमध बसवलेले तिसरे पाते परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन गाडी सुटतानाची ओढ सुमारे दुपटीपर्यंत वाढवते. क्लच नसताना गाडी गिअरमध्ये ठेवूनही इंजिन बंद का पडत नाही, याचे उत्तर येथे आहे. त्यापुढे दातेरी चाकांचे संच, त्यांना धरणाऱ्या-सोडणाऱ्या पातळ चकत्यांचे क्लच, आणि या क्लचांना कोणत्या क्षणी किती दाबाने तेल पोहोचवावे याचा हुकूम देणारे झडपांचे एक गुंतागुंतीचे जाळे असते, ज्यास मिस्त्री मंडळी 'व्हॉल्व्ह बॉडी' म्हणतात. फार जुन्या गाड्यांत हा हुकूम वेगाच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलच्या जोरावर सुटे. पुढच्या गाड्यांत तो एक छोटा संगणक, सोलेनॉइड नावाच्या विजेच्या झडपांकरवी, सोडतो. थोडक्यात, ढकलणे, दाबणे, वंगण पुरवणे आणि उष्णता वाहून नेणे ही चारही कामे एकाच तेलाच्या अंगावर पडतात, आणि म्हणून चौकशीचा आरंभ तेलापासून करावयाचा. मात्र त्याही आधी एक वही घ्यावी.

गॅरेजमध्ये जाऊन 'गाडी झटका देते' एवढेच सांगणे म्हणजे वैद्याकडे जाऊन 'बरे वाटत नाही' म्हणण्यासारखे आहे. झटका गाडी थंड असताना बसतो की गरम झाल्यावर. 'पी'मधून 'आर'मध्ये घेताना बसतो की धावताना. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना की दुसऱ्यातून तिसऱ्यात. ॲक्सिलरेटर हलका असताना की दाबलेला असताना. एसी चालू केल्यावर काही फरक पडतो का. पाऊस पडून गेल्यावर वाढतो का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निदानाची एकेक वाट बंद करते आणि दुसरी उघडते. चार-पाच दिवस तारीखवार नोंद ठेवली की त्या कागदावर जी इत्यंभूत हकीकत उतरते, तिच्याइतका मौल्यवान दस्तऐवज मिस्त्रीला मिळत नाही. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर घसरते, असे लिहिले असेल तर तेल पातळ झाल्यावर दाब टिकत नाही, म्हणजे गळती किंवा झीज आहे, असा तर्क उभा राहतो. उलट सकाळी पहिली दहा मिनिटेच त्रास होतो असे असेल तर जुने दाट तेल, कडक झालेली रबरी सीलें किंवा चिकटणारी झडप यांच्याकडे संशयाचा रोख वळतो. सर्वच गिअरांत सारखाच दोष असेल तर तो दाबाचा, तेलाचा किंवा कन्व्हर्टरचा. एकाच बदलात असेल तर त्या बदलाच्या क्लचचा किंवा त्याच्या सोलेनॉइडचा. हा शेवटचा भेद पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि तो लक्षात आला की अर्धे काम झाले असे मी समजतो.

आता तेल. ते मोजण्याची रीत इंजिनच्या तेलाहून निराळी आहे आणि येथेच सर्वांत अधिक चुका होतात. गाडी निदान दहा-पंधरा किलोमीटर चालवून पेटी पूर्ण गरम करावी, सपाट जागी उभी करावी, हॅंडब्रेक ओढावा, पायाने ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर दोन-दोन सेकंद ठेवत एकवार फिरवून 'पी'वर आणावा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढावी. बहुतेक गाड्यांची रीत ही आहे. होंडाच्या जुन्या पेट्यांची रीत मात्र याच्या उलट : रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत इंजिन गरम करावयाचे, मग ते बंद करून साधारण एक ते दीड मिनिटाच्या आत पातळी पाहावयाची. पहिल्याची रीत दुसऱ्याला लावली की पातळीचा दाखला खोटा मिळतो आणि भरल्या पेटीत आणखी तेल ओतले जाते. तेल कमी असणे जितके वाईट तितकेच जास्त असणेही वाईट, कारण फिरणारी चाके जादा तेल घुसळून त्याचा फेस करतात, आणि फेस दाब धरत नाही. काही गाड्यांना डिपस्टिक नसतेच. तेथे ठरावीक तापमानाला पेटीच्या बाजूचे बूच काढून पातळी पाहतात, आणि ते काम जॅकवर गाडी चढवून घरी करण्याचे साहस कोणी करू नये.

डिपस्टिक काढली की ती धोतराच्या किंवा जुन्या बनियनच्या पांढऱ्या फडक्यावर टेकवावी आणि उन्हात नीट निरखावी. मी स्वतः या एका कृतीला यंत्राच्या तपासणीपेक्षा अधिक वेळ देतो. चांगले तेल लाल आणि आरपार दिसणारे असते, फडक्यावर त्याचा डाग डाळिंबाच्या दाण्याच्या रसासारखा सर्वत्र सारखा पसरतो आणि त्याला उग्र वास नसतो. ते काविट किंवा विटकरी झाले असेल तर वय झाले एवढेच समजावे. काळसर तपकिरी होऊन जळक्या भाजणीसारखा खरपूस, घशात बसणारा वास येत असेल तर क्लचच्या चकत्यांवरचा थर जळला आहे, हे बहुतांशी निश्चित. डागाच्या मध्यभागी काळे, कोळशाच्या भुकटीसारखे कण दिसले तर तोच थर झडून तेलात मिसळतो आहे. कण चमकणारे, सोनेरी किंवा रुपेरी असतील तर धातू झिजतो आहे, आणि मग मात्र पेटी उघडण्याचा प्रश्न गंभीरपणे विचारात घ्यावा. तेल गुलाबी-दुधाळ, सरबतात साय मिसळल्यासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. अशी गाडी त्या क्षणापासून चालवू नये.

पाण्याविषयी कोल्हापूरकरांना अधिक सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचावन्न फुटांच्या पलीकडे मजल मारली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तसेच झाले. त्या दोन्ही वेळी पुरात उभ्या राहिलेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून, गाद्या बदलून पुढे विकल्या गेल्या. गिअरच्या पेटीला वरच्या अंगास श्वास घेण्याची एक नळी असते, आणि गाडी तिच्या उंचीपर्यंत बुडाली की तीतून पाणी आत जाते. ते वाळवता येत नाही : क्लचच्या चकत्यांवरचा थर ज्या डिंकाने चिकटवलेला असतो तो पाण्याने सुटू लागतो, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने गाडी घसरू लागते तेव्हा पुराचा सर्वांना विसरही पडलेला असतो. पूर न पाहिलेल्या गाडीतही हेच घडू शकते, कारण पेटीचे तेल थंड करणारी नळी पुष्कळ गाड्यांत रेडिएटरच्या पोटातून जाते आणि रेडिएटर आतून फुटला की त्यातील पाणी थेट तेलात येते. तेल दुधाळ दिसताच रेडिएटरचे झाकण, अर्थात इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, उघडून तेथे तेलाचा तवंग आहे का ते पाहावे. जुनी ॲटो गाडी विकत घेणाऱ्याने तर, कागदपत्रांची रुजुवात करण्याआधी, गाद्यांखालच्या बोल्टांचा गंज आणि हे तेल पाहावे.

तेल नुसते जुने असेल तर बदलावे, पण बेताने. खालचे बूच काढल्यावर पेटीतील सगळे तेल येत नाही. कन्व्हर्टरच्या पोटात बरेच राहते आणि एका वेळी तिसरा हिस्सा ते निम्मे एवढेच बदलते. म्हणून थोडे थोडे करून दोन-तीन वेळा, मध्ये काही दिवस गाडी चालवून, बदलावे. यंत्राने जोराचा दाब लावून एकदम सगळे धुऊन काढण्याचा मोह, विशेषतः वर्षानुवर्षे तेलच न बदललेल्या पेटीच्या बाबतीत, टाळलेला बरा; तळाशी बसलेला गाळ उठून झडपांच्या बारीक वाटांत अडकण्याचे भय असते. तेल कंपनीने सांगितले आहे तेच घालावे. होंडाचे, ह्युंदाईचे, सुझुकीचे तेल एकमेकांस चालत नाही, आणि सीव्हीटीत साधे ॲटोचे तेल घालणे म्हणजे पोलादी पट्टा घसरवून पेटीचा नाश ओढवून घेणे आहे. 'सगळ्यांना चालणारे' म्हणून जे सुटे तेल दाखवले जाते त्याचा डबा हातात घेऊन त्यावर आपल्या पेटीच्या तेलाचे नाव छापले आहे की नाही ते वाचावे.

तेल स्वच्छ आणि पातळी बरोबर असूनही दोष राहिला, तर पेटीकडे न पाहता तिच्या भोवती पाहावे. याचा एक दाखला मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्याच गावातील एका निवृत्त मुख्याध्यापकांची जपानी बनावटीची गाडी पावसाळ्याच्या दिवसांत चालता चालता एकदम जड होई. विमानतळाच्या रस्त्याने निघाली की तीन-चार किलोमीटरवर 'डी'चा दिवा लुकलुकू लागे आणि मग गाडी तिसऱ्या गिअरातच अडकून राही, थांबून पुन्हा सुटताना बैलाने चिखलातून गाडा ओढावा तशी ओढे. किल्ली बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू केली की सर्व ठीक. दोन गॅरेजांनी पेटी उतरवण्याचा सल्ला दिला होता आणि सांगितलेली रक्कम ऐकून सर गाडी भंगारात काढण्याच्या विचारात होते. त्यांनी मात्र, शिक्षकी सवयीने, वही ठेवली होती, आणि तीत 'पाऊस' हा शब्द सातपैकी सहा नोंदींत आला होता. एका रविवारी सकाळी आम्ही बॅटरी उतरवली, तिच्याखालचा पत्रा सोडवला, आणि खाली पेटीवर जाणाऱ्या वायरींचे सॉकेट दिसले. बॅटरीतील आम्ल कित्येक महिने थेंबाथेंबाने त्यावर झिरपले असावे. सॉकेटच्या कडेला मोरचुदासारखी निळी-हिरवी भुकटी साचली होती, आणि ते खेचून वेगळे करताच आतील पितळी पिनांपैकी एक पिन केसासारखी बारीक होऊन राहिलेली दिसली. ज्या सोलेनॉइडला त्या पिनेतून वीज जाई त्याचा पुरवठा ओलाव्याने मधूनच तुटे, संगणकाच्या ते ध्यानात येई, आणि अधिक नुकसान होऊ नये म्हणून तो सर्व सोलेनॉइडांची वीज तोडून गाडीला एकाच गिअरात ठेवी. म्हणजे जो दोष वाटत होता ती वस्तुतः संरक्षणाची तजवीज होती. वायरमनने ती पिन बदलली, सॉकेट फवाऱ्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ केले, बॅटरीखाली नवे रबर घातले, इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी घासून पुन्हा आवळली. पेटीचा एकही बोल्ट सैल करावा लागला नाही.

तेव्हा लुकलुकणारा दिवा हा शत्रू नसून साक्षीदार आहे, आणि त्याची जबानी घेण्यासाठी स्कॅनर लावावा. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडील नव्या गाड्यांना ओबीडी-२ ची व्यवस्था बंधनकारक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांचे दोषांक साध्या स्कॅनरवरही वाचता येतात. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत दोन तारा जोडून दिव्याच्या लुकलुकीच्या संख्येवरून दोषांक ओळखण्याची सोय असते, आणि ती माहिती त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात मिळते. पी ०७०० हा अंक दिसला तर घाबरू नये. तो केवळ 'पेटीच्या संगणकाकडे काही नोंद आहे' एवढेच सांगतो, खरी नोंद त्याच्यापुढे शोधावी लागते. पी ०७१५ आणि पी ०७२० हे वेग मोजणाऱ्या सेन्सरांकडे बोट दाखवतात. पी ०७४० कन्व्हर्टरच्या आतील कुलपी क्लचच्या, म्हणजे त्याची दोन पाती एकमेकांस थेट जोडणाऱ्या क्लचच्या, वीजमार्गाकडे. पी ०७३० मात्र, गिअर टाकूनही अपेक्षित प्रमाण मिळत नाही, म्हणजे कोठेतरी घसरते आहे, असे सांगतो आणि त्याचा अर्थ गंभीरपणे लावावा. अंक वाचून झाल्यावर तो लिहून ठेवावा, पुसावा आणि गाडी दोन दिवस चालवून तोच पुन्हा येतो का ते पाहावे. बॅटरी उतरल्यावर पडलेल्या कमी दाबाने उगाच उमटलेले अंकही असतात. दोषांक हा दोषाचा भाग सांगत नाही, वीजमार्ग सांगतो. सेन्सरचा अंक आला म्हणून सेन्सर बदलणाऱ्याने आधी त्याची वायर पाहिली का, हे विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे.

पेटीवर ज्यांचा आळ येतो परंतु जे इंजिनाचे अपराध असतात तेही येथेच सांगतो. थ्रॉटलची स्थिती सांगणारा सेन्सर झिजला की संगणकाला पाय किती दाबला आहे हे कळत नाही आणि गिअर उशिरा किंवा धक्क्याने पडतात. इंजिनची किंवा पेटीची रबरी बैठक, जिला सर्वजण माउंटिंग म्हणतात, तुटली की 'डी' किंवा 'आर' टाकताच 'धप्प' असा आवाज येतो; बॉनेट उघडून, मदतनिसाने ब्रेक घट्ट दाबून धरून लिव्हर बदलताना आपण गाडीच्या समोर नव्हे तर बाजूस उभे राहून पाहिले तर इंजिन उसळताना स्पष्ट दिसते. आयडलिंग चढलेले असेल तरी तसाच धक्का. एक सिलिंडर मधूनच पेटत नसेल, प्लग किंवा कॉइल कमजोर असेल, तर चढावर येणारी थरथर हुबेहूब पेटीची वाटते. लिव्हरपासून पेटीपर्यंत जाणाऱ्या केबलच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश झिजले असेल तर आत 'डी' पूर्ण लागत नाही आणि गाडी अर्धवट ओढते. गाडी 'एन'मध्ये सुरू होत नाही पण 'पी'मध्ये होते, किंवा 'आर' टाकूनही मागचा दिवा लागत नाही, ही त्याची बाह्य लक्षणे. लिव्हर 'पी'मधून निघतच नसेल तर पेटीला दोष देण्याआधी मागचा ब्रेकचा लाल दिवा लागतो का ते पाहावे, कारण ब्रेकचा स्विच मेला की लिव्हरचे कुलूप उघडत नाही.

इतके झाल्यावर रस्त्यावरची परीक्षा. उजळाईवाडीकडचा सपाट रस्ता सकाळी मोकळा असतो. तेथे गाडी गरम करून, थांबवून, ब्रेक दाबलेला असताना लिव्हर 'एन'मधून 'डी'मध्ये टाकावा आणि मनात सेकंद मोजावेत. साधारण सव्वा सेकंदाच्या आत गाडी ओढ घेताना जाणवली पाहिजे, 'आर'मध्ये दीड सेकंदाच्या आत. दोन-तीन सेकंद लागत असतील तर दाब कमी आहे. मग हलक्या पायाने सुटून आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवावे : प्रत्येक बदलाला काटा खाली यावा, तो आधी चारशे-पाचशे वर उसळून मग खाली येत असेल तर मधल्या क्षणी क्लच घसरतो आहे. हमरस्त्यावर साठ ते ऐंशीच्या वेगात, पाय स्थिर असताना, रस्त्यावर लाकडी फळ्या टाकल्यासारखी बारीक थरथर येत असेल तर डाव्या पायाने ब्रेकला केवळ दिवा लागेल इतका स्पर्श करावा. त्या स्पर्शाने कन्व्हर्टरचे कुलूप सुटते, काटा दोन-तीनशेने चढतो, आणि थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष त्या कुलपी क्लचचा किंवा तेलाचा आहे. थरथर तशीच राहिली तर चाके, ॲक्सल किंवा इंजिन पाहावे. शेवटी जोतिबाचा किंवा पन्हाळ्याचा चढ चढावा, कारण सपाट रस्त्यावर लपणारी घसरण घाटात लपत नाही. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबून करावयाची जी 'स्टॉल टेस्ट' म्हणून परीक्षा आहे, तिचा आरपीएम फार चढला तर आतले क्लच घसरतात असे समजते, हे खरे. परंतु तेवढ्यात तेल भयंकर तापते, पाच सेकंदांहून अधिक ती करू नये, आणि समोर माणूस असताना तर मुळीच नाही. माझा सल्ला असा की मालकाने ती स्वतः करूच नये.

या साऱ्या चौकशीनंतरही तेल जळके निघाले, खालच्या तव्यातील लोहचुंबकावर करड्या लेपाऐवजी (तो लेप प्रत्येक पेटीत असतोच) धातूचे तुकडे सापडले, एकाच गिअरात घसरण कायम राहिली, तर पेटी उतरवावी. त्यात आता दिरंगाईनेच नुकसान आहे. तेव्हा मिस्त्रीशी आधी बोलणी करावी : क्लचच्या चकत्या आणि सीलें संपूर्ण संच म्हणून बदलणार की जे खराब दिसेल तेवढेच; कन्व्हर्टर कापून साफ करणार की जुनाच लावणार; तेल थंड करणाऱ्या नळ्या आणि रेडिएटरचा तो भाग धुणार की नाही, कारण जुन्या पेटीचा कचरा त्यांत राहिला तर नवी पेटी महिन्यात बिघडते. मुंबईत कुर्ल्यासारख्या ठिकाणाहून वापरलेली पेटी आणून बसवण्याचा मार्ग स्वस्त असतो आणि काही वेळा तोच शहाणपणाचा असतो. मात्र पेटीवर कोरलेला किंवा पट्टीवर छापलेला सांकेतिक क्रमांक आपल्या पेटीशी अक्षरशः जुळला पाहिजे, आणि पैसे देण्यापूर्वी तीतील तेल आपल्या त्याच पांढऱ्या फडक्यावर टेकवून पाहिले पाहिजे.

दुरुस्त झालेली गाडी टिकवण्यासाठी दोन-तीन सवयी लावून घ्याव्यात. ऊसतोडीच्या हंगामात गाळपास निघालेल्या ट्रॉल्यांच्या मागे चढावर रांगत जाताना ब्रेक आणि ॲक्सिलरेटर आलटून पालटून दाबू नयेत; अंतर सोडावे आणि गरज पडल्यास 'डी' सोडून '२' किंवा 'एल'मध्ये यावे, म्हणजे पेटी सारखी वर-खाली गिअर बदलून तापत नाही. उतारावर गाडी लावताना प्रथम हॅंडब्रेक ओढून, ब्रेक सोडून गाडीचा भार हॅंडब्रेकवर येऊ द्यावा आणि मगच 'पी' टाकावा; एरवी सगळा भार बोटाएवढ्या एका खिट्टीवर येतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'डी'मधून 'आर'मध्ये जाऊ नये. बंद पडली तर ढकलून सुरू होणार नाही, कारण तेलाचा पंप इंजिनावर फिरतो, चाकांवर नाही. आणि त्याच कारणास्तव ओढून न्यायची वेळ आली तर पुढची चाके उचलूनच न्यावी, दोर बांधून जमिनीवरून नेली तर वंगण न मिळालेली पेटी गॅरेजला पोहोचेपर्यंत खरोखरच निकामी होते.

सरांची वही अजून चालू आहे. तीतील अलीकडची नोंद चैत्र यात्रेनंतरच्या आठवड्यातील आहे : 'जोतिबा, चौघे, एसी चालू. दुसरा ते तिसरा एका दमात. दिवा नाही. परतल्यावर तेल लाल, वरच्या खुणेच्या किंचित खाली. बॅटरीखालचे रबर कोरडे.'